हलक्या पायाचं दुखणं

मी फियाटवर शिकले आहे. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वापरलंय, की माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर ते कसं राहून गेलं याचं नवल वाटतं. कंपनीने पुढे गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी केलं, पण आमच्याकडे ती शेवटपर्यंत फियाटच. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, चोक हाताने ओढायचा, आणि पॉवर स्टिअरिंग म्हणजे आपापले दंड. त्यामुळे आमची आत्ताची हॅचबॅक सिग्नलवरून निघताना अडायला लागली, तेव्हा मला मनातून आनंदच झाला. इतकी वर्षं राखलेलं ज्ञान बाहेर काढायला कारण मिळालं.

लक्षणं मी वहीत लिहून नेली. दुसऱ्या गिअरमध्ये पाय हलकेच दाबला की गाडी क्षणभर विचारात पडते, मग गचका देऊन निघते. पाय जोरात दाबला तर काही नाही. गार असो वा तापलेली, सारखंच.

गॅरेजमधल्या सुपरवायझरने वही माझ्या हातून घेतली आणि नवऱ्याला विचारलं, "सर, काय प्रॉब्लेम आहे?"

माझ्या नवऱ्याला आपल्या गाडीचं पेट्रोलचं झाकण कोणत्या बाजूला आहे हे दर वेळी पंपावर गेल्यावर कळतं. तो म्हणाला, "ही सांगेल ना." तरी जॉबकार्डवर त्याचंच नाव पडलं आणि तक्रारीपुढे दोन शब्द आले: पिकअप कमी.

पिकअप कमी! माझी दीड पानं!

इथे मला कार्बोरेटरबद्दल थोडं बोलायचं आहे. घाईत असाल तर हा भाग सोडा. आमच्या घरचे सोडतातच. पेडल दाबलं की झडप उघडते आणि हवा धावत आत जाते. पेट्रोल पडलं जड, ते मागे राहतं. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. त्या क्षणी हिशेब बिघडतो, आत हवाच हवा होते आणि इंजिन अडखळतं. म्हणून कार्बोरेटरमध्ये एक इवलासा पंप असायचा. पेडल दाबताच तो पेट्रोलची बारीक चिळकांडी आत सोडायचा. बाबांनी एअर फिल्टर काढून, दांडी हाताने ओढून मला ती दाखवली होती. चिळकांडी आली नाही तर पंपाचा डायफ्राम गेला, निदान संपलं! मला ती इतकी आवडली की बाबांची पाठ वळल्यावर मी दांडी ओढतच राहिले. प्लग भिजले, गाडी सुरू होईना, बाबांचं ऑफिस बुडालं. ते काही बोलले नाहीत. प्लग काढून एकेक पुसायला माझ्या हातात दिला, आणि ती माझी पहिली सर्व्हिसिंग.

इंजेक्शनच्या गाडीत तो पंप नसतो. थ्रॉटलच्या कडेला एक सेन्सर असतो. पाय किती दाबला हे तो कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर त्या बेताने जादा पेट्रोल सोडतो. म्हणजे आधी संशय कुणावर घ्यायचा, हे फियाटने मला केव्हाच सांगून ठेवलं होतं. ते मी सुपरवायझरला सांगितलंसुद्धा. त्यांनी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, न्यूट्रलमध्ये रेस देऊन दाखवली आणि सांगितलं, "स्कॅनरमध्ये एरर नाही, गाडी ओके आहे." मग नवऱ्याला जरा बाजूला घेऊन, पण मला ऐकू येईल इतक्या हळू, "मॅडम क्लच लवकर सोडत असतील."

फियाटवर शिकलेल्या बाईला!

एरवी मी हे चारचौघांत रंगवून सांगून संपवलं असतं. पण ही तऱ्हा मी आधी पाहिली होती. आई म्हणायची, जिना अर्धा चढला की छातीत काहीतरी अडतं, थांबलं की जातं. डॉक्टरांनी भावाला विचारलं, "काय होतं यांना?" भाऊ म्हणाला, "वय झालंय." झोपवून काढलेला ईसीजी स्वच्छ आला. पुढे पट्ट्यावर चालवून तपासलं, तेव्हा कळलं की ती पहिल्या दिवसापासून शब्दन् शब्द बरोबर सांगत होती. वेळेत कळलं म्हणून आज मी या गोष्टी एका दमात सांगू शकते. पण त्या खोलीत तिने मध्येच बोलणं थांबवून पदर सारखा केला होता, ते काही जात नाही.

तर नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मी एकटीच गेले. वही त्यांनी पूर्ण वाचली. विचारलं, "जोरात दाबल्यावर कधीच नाही ना अडत, ताई?" त्या एका प्रश्नावर मी त्यांना घर लिहून दिलं असतं.

त्यांनी काट्याचा जुना मीटर काढला. "डिजिटलमध्ये आकडे नुसते पळतात." इंजिन बंद, चावी ऑन, आणि थ्रॉटल हाताने सावकाश फिरवायला सुरुवात केली. काटा अर्ध्या व्होल्टपासून निघाला, साडेचारकडे सरळ चढत जायला हवा. पण सुरुवातीलाच एका जागी खाली आपटला आणि परत आला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच. सेन्सरच्या आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावरून एक पातळ पाती घासत जाते. कर्वे रोडच्या गर्दीत माझा पाय वर्षानुवर्षं जिथे असतो, नेमकी तिथे ती झिजली होती. तेवढ्या क्षणापुरतं कॉम्प्युटरला वाटायचं, बाईंनी पाय काढला. हा क्षण इतका लहान, की त्याची एरर म्हणून नोंदही होत नव्हती. दोन स्क्रू काढले, नवा सेन्सर बसवला, गाडी लोण्यासारखी.

नवरा आता लग्नकार्यात पाहुण्यांना "आमचा थ्रॉटल सेन्सर गेला होता" असं सांगतो. पट्टी कुणाच्या पायाने झिजली, हे मात्र सांगत नाही.

आणि मी? सोसायटीत कुणाची गाडी नुसती खोकली तरी बोलावणं यायच्या आत मी पार्किंगमध्ये हजर असते. परवा तळमजल्यावरच्यांनी इलेक्ट्रिक गाडी आणली. मी आपणहून बोनेट उघडायला लावलं. आत सगळी झाकणंच झाकणं. मंडळी माझ्या तोंडाकडे बघत होती, तेव्हा मी डोळे मिटले, कान लावला आणि म्हटलं, "चालू करा बघू."

"चालूच आहे, काकू."