वास न येणारी थाई करी

मुंबईत समाधानकारक थाई उपाहारगृह शोधणाऱ्या अभ्यासकाने पदार्थांची नावे वाचण्याआधी मेन्यूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली हमी वाचावी. ‘आमच्या कोणत्याही करीत फिश सॉस वापरला जात नाही’ असे तिथे नमूद असते आणि पापलेटाचे तुकडे घातलेली करीही त्या हमीतून सुटत नाही. मासा चालतो, माशाचा रस चालत नाही, हा सिद्धांत पाकशास्त्राला या शहराने दिलेली देणगी होय.

फिश सॉस, म्हणजे थाई लोकांचा ‘नाम प्ला’, हा मांदेलीच्या कुळातील बारीक मासे मिठात साधारण 12 ते 18 महिने मुरवून गाळलेला तांबूस द्रव असून थाई स्वयंपाकात बहुतेक ठिकाणी मिठाचे काम तोच करतो. ‘कापी’ ही त्याची धाकटी बहीण. अगदी बारीक कोळंबी मिठात मुरवून, उन्हात वाळवून आणि कुटून ती तयार होते, हिरव्या करीच्या वाटणात ती पडते, आणि त्याच जातकुळीतील कोळंबीला मुंबईत जवळा म्हणतात. ही दोन्ही वगळल्यावर भांड्यात उरते ते नारळाचे दूध, दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर, खारटपणासाठी सोया सॉस, सोबतीला बेबी कॉर्न आणि कोणत्याही दातांना दाद न देणारी गवती चहाची एक काडी. त्यात सढळ हाताने साखर घातली की त्या पदार्थास ‘ऑथेंटिक’ ही पदवी आणि तिला शोभेल असा दर, दोन्ही प्राप्त होतात.

या वगळण्याचे कारण व्यवस्थापक आवाज खाली आणून सांगतात, ते असे की ‘वास येतो, शेजारच्या टेबलांना त्रास होतो’. शेजारच्या टेबलावर त्याच वेळी बुरशी धरलेले निळे चीज मिटल्या डोळ्यांनी हुंगले जात असते, आणि त्यास मात्र अभिरुची म्हणतात. वासाची ही वर्णव्यवस्था उपाहारगृहात जन्मलेली नाही. ती वरच्या मजल्यांवरून खाली उतरली आहे, जिथे भाडेकरूचे उत्पन्न, धंदा आणि आडनाव विचारून झाल्यावर ‘घरात मासे शिजवणार का’ हा प्रश्न येतो आणि होकार मिळताच ‘जागा कालच गेली’ असे कळते. ज्या शहरात वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर, म्हणजे आडव्या दोऱ्या ताणलेल्या सांगाड्यावर, बोंबील आजही वाळतात, ज्या शहराच्या मूळ रहिवाशांनी माशांवर संसार उभे केले, त्याच शहरात काल आलेल्या माणसाने आज सुकटीच्या वासावर नाक मुरडावे आणि त्या नाकाला विचारून करी शिजवली जावी, हा निव्वळ उद्दामपणा आहे. त्याला ‘ग्राहकांची पसंती’ म्हणणे हा त्याहून मोठा उद्दामपणा.

वाणसामानाची अडचण म्हणावी, तर तीही नाही. जवळा बाजारात टोपल्यांनी मिळतो, नारळ, ओली मिरची आणि गवती चहा यांना विमानाने आणावे लागत नाही, आणि फिश सॉसची बाटली तर उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यातच असते, कारण आचारी स्वतःच्या जेवणात ती वापरतात. तेव्हा अभ्यासकाने एकतर आचाऱ्यांच्या पंगतीत पाट मिळवावा, नाहीतर भाजलेल्या जवळ्याची पुडी खिशात बाळगून ती करीवर गुपचूप भुरभुरावी. मात्र बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणण्यास तिथे सक्त मनाई असते.