संध्याकाळ तुमच्या मालकीची नाही

दुसरे काम करतो म्हणून माणसाला घरी बसवणाऱ्या मालकांस,



आठ तासांचा पगार द्यायचा आणि चोवीस तासांवर हक्क सांगायचा, हा तुमचा व्यवहार. पाळी संपल्यावर माणसाने कुणाचे हिशेब लिहिले, कुणाला चित्र काढून दिले, की तुम्हाला विश्वासघात दिसतो. सकाळी बोलावणे, दुपारी ओळखपत्र जमा. याला तुम्ही शिस्त म्हणता. मी हाव म्हणतो, आणि ते तोंडावर सांगायलाच हे पत्र लिहितो आहे.

2016च्या मार्चमध्ये निन्टेन्डो या गेम कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या एका कर्मचारी तरुणीला काढले. तिची दुसरी नोकरी कंपनीच्या संस्कृतीत बसत नाही, हे कारण दिले. त्याआधी इंटरनेटवरची टोळकी हात धुऊन तिच्या मागे लागली होती. त्याचा आणि या कारवाईचा काही संबंध नाही, असे कंपनीने जाहीर केले. आपल्या माणसावर चिखलफेक चालू असताना पाठीशी उभे राहायचे सोडून तिचे जोडकाम पुढे करणारी ही संस्कृती तुम्हाला लखलाभ.

आपल्याकडे 2022 साली विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी जोडनोकरीला सरळ फसवणूक ठरवले आणि 300 जणांना काढल्याचे सांगितले. ते प्रतिस्पर्ध्यांकडे काम करत होते, असे त्यांचे म्हणणे. तसे असेल तर त्या 300 जणांची बाजू मी घेणार नाही. धन्याचे गुपित शेजाऱ्याच्या दुकानी नेणे गैरच. पण इन्फोसिसने त्याच वर्षी आधी दरडावले आणि ऑक्टोबरात परवानगी घेऊन बाहेरची कामे करायची वाट मोकळी केली. मग तुमचेच घोडे कुठे अडते?

जत्रांच्या दिवसांत गोव्यात आमच्या पेडण्यात या. दिवसभर यंत्रावर उभा राहिलेला माणूस रात्री देवळामागे पेटाऱ्याजवळ बसलेला दिसेल. एका हातात आरसा, दुसऱ्या हाताने स्वतःच स्वतःची रंगभूषा. रंग वाळेपर्यंत डबा उघडून दोन घास खातो. मध्यरात्री दशावतारात राजा होऊन उभा राहतो, पहाटे दहीकाला झाला की तोंड धुतो आणि पुन्हा पाळीवर हजर होतो. त्याची नाईट, म्हणजे एका रात्रीचे मानधन, काही मोठी नसते. डिचोलीकडे चवथ जवळ आली की हेच हात गणपतीच्या शाळेत चिकण माती मळतात. यांनी तुमचा कोणता माल बुडवला? बुडवला असेल तर तो दाखवा, आणि कारवाई त्याबद्दल करा.

डिचोलीला एकाच कमाईवर विसंबायची किंमत चांगली ठाऊक आहे. 2012च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी बंद पडल्या. पुढे सुरू झाल्या, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 7 फेब्रुवारी 2018च्या निकालाने 88 लीज रद्द झाले आणि मार्चच्या मध्यावर पुन्हा सगळे थांबले. कर्जाचे ट्रक दारात उभे राहिले. ज्या घरात कुळागर होते, काजूची भट्टी होती, बाईचे शिवणयंत्र होते, त्या घरची चूल तगली. तेव्हा कुठल्या मालकाने येऊन म्हटले, की तुम्ही आमच्याशी एकनिष्ठ होता, आता आम्ही तुमच्याशी राहतो?

गेमच्या धंद्याचेही तेच. 2025च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि मोबाईल प्रीमियर लीग या कंपनीने भारतातली सुमारे 60 टक्के माणसे कमी करायचे ठरवले. कायदा सरकारचा होता, मान्य. घरी मात्र नोकरच गेले. उद्याची हमी देता येत नसेल, तर उद्यासाठी केलेली तजवीज गुन्हा कशी?

कायद्याच्या आड लपू नका. 1948च्या कारखाना कायद्याच्या 60व्या कलमाने एकाच दिवशी दोन कारखान्यांत राबायला मनाई केली, ती कामगाराचे हाड मोडू नये म्हणून. आणि 2013चा कंपनी कायदा एका माणसाला 20 कंपन्यांचा संचालक होऊ देतो. वीस टेबलांवर बसणाऱ्याची निष्ठा शाबूत राहते आणि आठ तास राबून रात्री सोंग घेणाऱ्याची विटाळते, हा न्याय तुम्हाला झोपू कसा देतो?

पुढच्या करारात एवढेच लिहा: प्रतिस्पर्ध्याचे काम नको, गुपिते बाहेर नकोत, कामाच्या वेळेत दुसरे काम नको. जोडकामावर बंदी घालणारे बाकीचे कलम खोडा. आणि ज्याला या कलमाखाली काढले आहे त्याला बोलवा, त्याचे ऐकून घ्या, कामात कसूर सापडली नाही तर मागच्या पगारासकट रुजू करून घ्या.

आपला,
पेडण्यातला एक नोकरदार