अप्पांचा बंद हंगाम

साखर सोडलेला माणूस ओळखायला वेळ लागत नाही. तो दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नाही. दारू सोडलेला माणूस निदान गुत्त्याची गल्ली टाळतो. साखर सोडलेला तुमच्याच घरी येतो, तुमच्याच सोफ्यावर बसतो, तुमच्या कपात डोकावतो आणि विचारतो, "किती चमचे?" तुम्ही "दीड" म्हणालात की तो असा काही सुस्कारा टाकतो, की पुढचा घोट घेताना आपल्याला विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते आठवू लागतं.

या जमातीत पोटजाती पुष्कळ. गूळवाले आहेत, सकाळी कोमट पाण्यातून मध घेणारे आहेत, ज्यांच्या शर्टाच्या खिशात खजुराच्या बिया सापडतात असे आहेत. 'मी मुळात गोड खातच नाही, फक्त जेवणानंतर जरा काहीतरी लागतं' असं म्हणणारे तर घरटी एक. आमच्या कॉलनीतले अप्पा यांतल्या कुठल्याच एका पोटजातीत बसत नाहीत, कारण ते सगळ्यांत आहेत. शिवाय बाकीच्यांना नसलेला एक अधिकार त्यांच्याकडे आहे. अप्पांनी उभी नोकरी साखर केली.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्यात ते केमिस्ट होते. १९५०च्या सुमारास प्रवरानगरला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि मग राज्यात जिकडेतिकडे धुरांडी उभी राहिली. त्यातल्याच एका धुरांड्याखाली अप्पांच्या वडिलांनी शेअर घेतला आणि पोराला बी.एस्सी. करून तिथे चिकटवलं. रसाचा ब्रिक्स किती, म्हणजे त्यात विरघळलेलं सगळं किती, पोल किती, म्हणजे त्यातली खरी साखर किती, मळीतून साखर किती वाया गेली, यातच अप्पांचं आयुष्य गेलं. शंभर किलो उसातून बारा किलोच्या वर उतारा पडला की अप्पा घरी शीळ घालत यायचे. अकराच्या खाली घसरला की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, श्रीफळ आणि एक रिफ्रॅक्टोमीटर मिळाला. द्राक्षबागायतदार गोडी बघायला वापरतात तोच, वीतभर लांबीचा, काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरून बघायचा. शाल काकूंनी कामवालीला दिली. मीटर अप्पांच्या बंडीच्या खिशात असतो.

तर झालं असं, की अप्पांचा एचबीए१सी ६.२ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच घाबरायचं कारण नाही, पण गोड जरा कमी करा." काकू शेजारी बसल्या होत्या, त्यांनी 'कमी करा' ऐकलं. अप्पांनी 'बंद करा' ऐकलं. कारखान्यात वाढलेल्या माणसाला मधली अवस्था माहीत नसते. कारखाना एक तर चालू असतो, नाही तर बंद. अर्धा बॉयलर पेटवून कुणी गाळप करत नाही. दसऱ्याला, म्हणजे ज्या दिवसांत जिल्ह्यातले सगळे कारखाने बॉयलर अग्निप्रदीपनाच्या नारळांनी दणाणतात नेमक्या त्याच दिवसांत, अप्पांनी कट्ट्यावर जाहीर केलं, "आजपासून माझा बंद हंगाम. साखरेचा कणसुद्धा नाही."

पहिला आठवडा त्यांचा आणि आमचा, दोघांचाही वाईट गेला. त्यांचं डोकं दुखायचं आणि आमची चहाची वेळ दुखायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली काय सांगितलंय ते कट्ट्यावरच्या प्रत्येकाला पाठ झालं: दिवसभराच्या उष्मांकांत वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांच्या आत, जमल्यास पाच, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, चहाचे सहा चमचे. किराणा दुकानात अप्पा पुडे उलटे करून वाचू लागले. पुड्यावर घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असतात, हे त्यांनी गिऱ्हाइकांना थांबवून सांगितलं. पचनाला चांगलं म्हणून खपणाऱ्या बिस्किटात साखर कितवी, टोमॅटो केचपमध्ये टोमॅटोच्या पाठोपाठ कोण बसलंय, तिखट बाकरवडीत साखर काय करतेय, 'इन्व्हर्ट सिरप' म्हणजे कुणाचं टोपणनाव, याचं रोज संध्याकाळी जाहीर वाचन व्हायचं. दुकानदार सोसत होता, कारण वाचून झाल्यावर अप्पा पुडा घ्यायचे. "घरी नीट अभ्यासतो," म्हणायचे.

खरी गंमत दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली. साधा माणूस पथ्य मोडतो तेव्हा त्याला माहीत असतं की आपण पथ्य मोडलं. अप्पांची गोष्ट वेगळी. ते तज्ज्ञ आहेत. तज्ज्ञाला पथ्य मोडावं लागत नाही, व्याख्या बदलली की भागतं.

एकदा दुपारी मी त्यांच्याकडे गेलो तर ते पोळीवर तूप आणि गूळ घेऊन बसलेले. गूळ म्हणजे खडा नव्हे, दहा किलोच्या रव्याचा कोपरा फोडलेला.

"अप्पा, गुळात पण साखरच असते ना?"

"असते की. चांगल्या गुळात ऐंशी टक्क्यांपर्यंत सुक्रोज."

"मग?"

"मी वरच्या वीस टक्क्यांसाठी खातो."

त्या वीस टक्क्यांवर मग अर्धा तास व्याख्यान झालं. लोह, खनिजं, मातीचा गुण. साखर पांढरी करायला रसात चुना आणि गंधकाचा धूर सोडतात, गुऱ्हाळात मळी काढायला बिचारी भेंडी पुरते. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, साखरेला आहे का? ज्या गंधकाच्या धुरावर अप्पांनी दोन पोरांची शिक्षणं केली, त्याच्यावर त्यांनी असा उलटा डाव टाकलेला बघून मला कारखान्याची दया आली. पुढच्या रविवारी ते गुऱ्हाळावर 'प्रक्रियेचं निरीक्षण' करायला गेले. काहिलीपाशी उभं राहून त्यांनी गुळव्याला उकळीचं तापमान सांगितलं. गुळव्याने ऐकून घेतलं आणि त्यांच्या हातात गरम काकवीची वाटी दिली. काकवी द्रव असते. अप्पांचा नियम आता असा होता, की साखर म्हणजे स्फटिक. ज्याचा स्फटिक झाला नाही ती साखर नव्हे. या नियमात बासुंदी बसली, आमरस बसला, गुलाबजामाचा पाक बसला. गुलाबजाम स्वतः पाकात बुडलेला असल्याने तोही आत आला.

मध आणि फळांचा रसही आरोग्य संघटना वरच्या साखरेतच धरते, हे मी त्यांना एकदा त्यांच्याच कागदात दाखवलं. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "त्या समितीत कोल्हापूरचं कुणी होतं का?" एवढंच विचारलं.

देवाधर्माचा कप्पा तोवर रिकामाच होता, तोही उघडला. पूर्वी सत्यनारायणाला बोलावलं की अप्पांचा गुडघा दुखायचा. आता पंचक्रोशीतली पूजा त्यांच्याशिवाय सुटत नाही. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. शिऱ्याचे दोन द्रोण घेतात, एक स्वतःचा आणि एक "हिच्यासाठी". ही शेजारीच बसलेली असते.

आणि लग्नं. एका लग्नात मी त्यांच्या पंक्तीला होतो. वाढप्याने बासुंदी वाढली. अप्पांनी शांतपणे खिशातून मीटर काढला, करंगळीने एक थेंब काचेवर ठेवला, मांडवाच्या ट्यूबलाइटकडे धरून एक डोळा मिटला. पंगत जेवायची थांबली. नवऱ्या मुलीचे वडील धावत आले; त्यांना वाटलं, अन्न व औषध प्रशासनाचा माणूस आलाय.

"किती आला?" मी विचारलं.

"स्केलच्या बाहेर. हा बत्तीसपर्यंतच आहे."

"म्हणजे फारच गोड."

"म्हणजे मोजता येत नाही," अप्पा म्हणाले. "आणि लेका, जे मोजता येत नाही ते लॉगशीटवर चढत नाही." वाटी त्यांनी पुढे सरकवली. वाढप्याने ती भरली.

लॉगशीट खरंच होतं. कारखान्यासारख्या तीन पाळ्या पाडलेल्या, प्रत्येक पाळीत किती ग्रॅम साखर पोटात गेली त्याची नोंद. पहिल्या पाळीत शून्य, दुसरीत शून्य. तिसऱ्या पाळीला, म्हणजे रात्री, नोंद घ्यायला कुणी हजर नसायचं. त्या पाळीत फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज यायचा. "कोण आहे?" काकू आतून विचारायच्या. "पाणी पितोय." पाणी पिताना स्टीलच्या डब्याचं झाकण का वाजतं, हे काकूंनी विचारलं नाही. रात्रीची ती ओढ भुकेची नसते, सवयीची असते. इतकी वर्षं रात्रपाळीत नमुना म्हणून चिमूटभर गरम साखर जिभेवर टाकलेला माणूस झोपण्याआधी काय शोधणार? हे मला सुचलं, अप्पांना कधी सुचलं नाही. त्यांना साखरेतलं सगळं कळतं.

दिवाळीला घरच्या शेअरवरची सवलतीची साखर आली आणि बंद हंगाम औपचारिकपणे संपला. "चहापुरती," अप्पा म्हणाले. "बिनसाखरेचा चहा पिऊन माझा रक्तदाब वाढतोय." चहा पूर्ववत झाला. व्याख्यानं मात्र चालू राहिली, त्यांना साखर सोडावी लागत नव्हती.

काकूंबद्दल मी आतापर्यंत फारसं लिहिलं नाही, कारण काकू फारसं बोलत नाहीत. डॉक्टरांनी 'कमी करा' म्हटलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. आपल्याकडे चहात साखर आधणातच पडते, ती किती पडली हे करणाऱ्यालाच ठाऊक. काकूंनी दिवाळीनंतर पातेल्यात पाव चमचा कमी केला. पंधरा-वीस दिवसांनी आणखी पाव. जीभ एकदम कमी केलेलं लगेच ओळखते आणि बोंब मारते. हळूहळू कमी केलेलं तिच्या ध्यानात येत नाही, ती नव्या गोडीलाच गोड म्हणायला लागते. शिऱ्यात, खिरीत, आमटीतल्या गुळात, सगळीकडे काकूंची ही कपात चालू होती. फ्रीजमधल्या स्टीलच्या डब्यात लाडवांच्या जागी भाजलेले शेंगदाणे आले. तिसऱ्या पाळीने एक-दोन रात्री आदळआपट केली आणि मग शेंगदाणे पत्करले.

संक्रांतीनंतर पुन्हा रक्त तपासलं. ही तपासणी मागच्या तीनेक महिन्यांचा हिशेब सांगते, रक्तातल्या तांबड्या पेशींचं आयुष्यच तीन-चार महिन्यांचं असतं. आकडा ५.८ आला. अप्पांनी कागद कट्ट्यावर फिरवला. "लॉगशीट," ते म्हणाले. "शिस्त. आणि मीटर." दोघांनी मीटर कुठे मिळतो ते विचारून घेतलं.

पाडव्याच्या आसपास एका सकाळी अप्पांना सहज लहर आली आणि त्यांनी स्वतःच्या चहाचा थेंब काचेवर टाकला. नोकरीत असताना त्यांनी घरचा चहा एकदा मोजलेला होता, तो आकडा त्यांना मुलांच्या जन्मतारखांपेक्षा पक्का ठाऊक. आता आकडा जवळजवळ निम्मा. दुधाचा घन भाग वजा केला तर निम्म्याहूनही खाली. त्यांनी काच पुसली, परत मोजलं. मग काकूंना विचारलं, "साखर तेवढीच घालतेस ना?"

"चमचा तोच आहे," काकू म्हणाल्या. आणि हे खरं होतं.

अप्पांच्या मते यातून एकच निष्कर्ष निघत होता: कारखान्याच्या साखरेचा पोल घसरलाय. त्यांच्यामागे लॅबमध्ये लक्ष द्यायला कुणी उरलेलं नाही. त्याच दुपारी त्यांनी कार्यकारी संचालकांच्या नावे दोन पानी तक्रार लिहिली. 'सभासदांना वितरित साखरेतील गोडी कमी असल्याबाबत.' सोबत ब्रिक्सचा तक्ता.

चार दिवसांनी मुख्य केमिस्ट स्वतः आला. एके काळी अप्पांच्या हाताखाली नमुन्याच्या बाटल्या धुतलेला माणूस, म्हणून आला. "साहेब," तो म्हणाला, "नव्व्याण्णवच्या वर पोल आहे. आणखी किती चढवणार?"

"चहा घे. म्हणजे कळेल."

काकूंनी चहा आणला. केमिस्टने एक घोट घेतला आणि कप अलगद खाली ठेवला. "वहिनी, साखर जरा..."

"बघ!" अप्पा ओरडले. "बघ, तुलासुद्धा कळलं!"

काकूंनी काही न बोलता साखरेचा डबा आणि चमचा टेबलावर ठेवला. केमिस्टने दोन चमचे घातले, ढवळले, पिऊन बघितलं. "आता फक्कड," म्हणाला. पाहुण्याला एकट्याला कसं प्यायला लावायचं म्हणून अप्पांनीही आपल्या कपात दोन चमचे टाकले आणि मोठा घोट घेतला.

तोंड असं झालं की काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "अरे, हा चहा आहे की मळी?" अप्पा म्हणाले. "इतकं गोड कुणी पितं का?"

केमिस्ट साहेबांकडे बघत होता, मग वहिनींकडे. वहिनी पदराने टेबलावरचे साखरेचे दाणे गोळा करत होत्या.

"साहेब, मग ती तक्रार मागे घ्यायची ना?"

"मागे? मागे कशाला?" अप्पांनी त्याच्या हातातला कागद ओढून घेतला, खिशातलं पेन काढलं, विषयातला 'कमी' खोडून वर 'जास्त' लिहिलं, समासात सही केली आणि तारखेसह त्याला परत दिला.