बलुतेदार चालले शांघायला

मराठी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, बहुधा खालच्या कोपऱ्यात, जगभरातील चित्रविचित्र घडामोडींची एक चौकट असते आणि तिचे संपादन वरकरणी दिसते तितके सोपे नसते. या चौकटीत प्रवेश मिळवण्यासाठी घटना पुरेशी दूर घडलेली असावी लागते, आणि ती वाचून वाचकाला आपल्या दिनक्रमात काडीचाही बदल करावा लागू नये, अशी तिची दुसरी अट असते. फिनलंडमधील सोन्काजार्वी या गावी 1992 पासून होणारी पत्नीला पाठीवर घेऊन पळण्याची जागतिक स्पर्धा या दोन्ही अटी उत्तम प्रकारे पूर्ण करते. तिची धाव साडेत्रेपन्न मीटर अधिक दोनशे मीटर इतकी असून विजेत्याला पत्नीच्या वजनाइतकी बिअर मिळते, हे वाचून कोणत्याही मराठी घरात कोणी कोणाला पाठीवर घेत नाही. त्याच देशातील औलू शहरात 1996 पासून हातात गिटार नसताना गिटार वाजवण्याची जागतिक स्पर्धा होते, स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे विमानाचे उड्डाण दोन मिनिटांचे असते, आणि व्हेनिसने 25 एप्रिल 2024 पासून ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात केली. या सर्व घटना चौकटीत शोभतात, कारण त्या वाचून झाल्यावर जग वेडे असून आपण शहाणे आहोत ही खात्री वाचकाला वर्गणीच्या रकमेत मिळते.

हैदराबादच्या तारनाका भागात राहणारा मराठी वाचक या चौकटीचा विशेष चाहता मानावा लागेल, कारण शहाणपणाच्या बाबतीत त्याचा शेजार अतिशय भक्कम आहे. एका बाजूला उस्मानिया विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे, जिथे 1956 पूर्वी, म्हणजे मराठवाडा हैदराबाद राज्याचा भाग असताना, औरंगाबादपासून नांदेडपर्यंतची मुले पदवीसाठी येत. दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय पोषण संस्था, भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था, आणि थोडे पुढे भूभौतिकी व पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा आहेत. इतक्या पदव्यांच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला जगाकडे किंचित वरून पाहण्याची सवय लागली, तर तो दोष त्याचा नसून पत्त्याचा आहे.

तथापि ही चौकट एकाच भाषेत छापली जात नाही, याचे भान ठेवणे आवश्यक आहे. उस्मानसागर तलावाजवळच्या चिलकूर येथील बालाजी हा परदेशगमनाचा परवाना मिळवून देतो, त्यासाठी आधी अकरा प्रदक्षिणा घालायच्या आणि परवाना हाती पडल्यावर फेडीच्या एकशे आठ, शिवाय या देवळात दानपेटीच नाही, ही माहिती विदेशी वाचकांना सोन्काजार्वीइतकीच रंजक वाटते. मृग नक्षत्र लागताना नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दम्याचे हजारो रुग्ण औषधी लगदा तोंडात धरलेला जिवंत मासा गिळण्यासाठी रांग लावतात, हेही तसेच. तात्पर्य, तारनाक्यावरचा वाचक ज्या चौकटीबाहेर बसून हसतो, त्याच धाटणीच्या दुसऱ्या एका चौकटीत तो स्वतः राहतो आणि फिनलंडमधला कोणीतरी कॉफी पिता पिता त्याच्याकडे पाहून शहाणा होत असतो.

या पार्श्वभूमीवर ज्या बातमीचे वर्गीकरण आजवर नीट झालेले नाही, ती जागतिक कौशल्य स्पर्धेची. दर दोन वर्षांनी होणाऱ्या या स्पर्धेत गवंडीकाम, फरशी बसवणे, सुतारकाम, वेल्डिंग, नळजोडणी, केशभूषा, दागिने घडवणे, मोटारीला रंग देणे, मिठाई आणि केक बनवणे, उपाहारगृहात वाढणे अशा व्यवसायांत तरुण मुलेमुली चार दिवस सर्वांच्या डोळ्यांदेखत काम करतात आणि त्यांना सुवर्ण, रौप्य, कांस्य पदके दिली जातात. बहुतेक व्यवसायांत स्पर्धकाचे वय स्पर्धेच्या वर्षी बावीसपेक्षा अधिक असून चालत नाही. या उपक्रमाचा उगम स्पेनमधला असून, कुशल कामगारांचा दुष्काळ जाणवू लागल्यावर होसे आंतोनिओ एलोला ओलासो यांनी 1946 साली ही कल्पना मांडली, फ्रान्सिस्को अल्बेर्त-विदाल यांनी ती उभी केली, आणि 1950 साली माद्रिदमध्ये स्पेन व पोर्तुगाल यांचे प्रत्येकी बारा तरुण पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरले. योगायोग असा की, त्याच 1950 साली भारत सरकारने शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, जिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आयटीआय, देशभर पसरल्या. स्पेन आणि भारत या दोन्ही देशांनी एकाच वर्षी पेरणी केली, मात्र या सामन्यात भारताचा पहिला स्पर्धक उतरायला 2007 उजाडावे लागले. मधली सत्तावन्न वर्षे आयटीआयला जाणाऱ्या मुलाने घरी काय सांगावे या विचारात गेली असावीत.

गवंडीकामात जागतिक पदक मिळते, ही बातमी वाचून तारनाक्यावरच्या वाचकाची पहिली प्रतिक्रिया पत्नीला पाठीवर घेणाऱ्या स्पर्धेच्या बातमीपेक्षा फारशी वेगळी नसते, आणि वृत्तपत्राच्या मांडणीकारालाही हे पक्के ठाऊक असते. ऑगस्ट 2019 हा त्याचा चांगला पुरावा आहे. 25 ऑगस्ट रोजी स्वित्झर्लंडमधील बासेल येथे हैदराबादच्या पी. व्ही. सिंधूने नोझोमी ओकुहाराला 21-7, 21-7 असे हरवून बॅडमिंटनचे जागतिक विजेतेपद मिळवले, आणि शहराने केलेला आनंद सर्वथा योग्य होता. त्यानंतर दोनच दिवसांनी, 27 ऑगस्टला, रशियातील कझान येथे ओडिशाच्या अश्वत्थ नारायण सनगवरपु या तरुणाने जलतंत्रज्ञानात, म्हणजे पाणी शुद्ध करून ते नळापर्यंत पोचवणाऱ्या यंत्रणेच्या देखभालीत, सुवर्णपदक पटकावले. या स्पर्धेच्या इतिहासातील भारताचे ते पहिले सुवर्ण होते. दोन दिवसांच्या अंतराने आलेल्या या दोन सुवर्णांपैकी एकाचे गुण शहरातल्या शाळकरी मुलांनाही पाठ झाले, आणि दुसरे सुवर्ण नेमके कशाचे होते हे उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहत गच्चीवर उभ्या राहणाऱ्यांनाही सांगता येणार नाही. त्याच कझानमध्ये महाराष्ट्राच्या श्वेता रतनपुरा हिने ग्राफिक डिझाइनमध्ये कांस्यपदक मिळवले होते, ही गोष्ट महाराष्ट्रातही सांगावीच लागते. पिकते तिथे विकत नाही, हे खरे. पण इथे पीक आल्याचा पत्ताच नाही.

या दुर्लक्षामागचे कारण शोधताना स्पर्धेतील व्यवसायांची यादी एकदा शांतपणे वाचून पाहणे उपयोगी ठरते. सुतार, लोहार, न्हावी, सोनार, गवंडी, माळी, शिंपी अशी मंडळी या यादीत नव्या पोशाखात ओळीने उभी दिसतात. गावगाड्यात ज्यांना बलुतेदार आणि अलुतेदार म्हणत, म्हणजे गावाची कामे करून त्या बदल्यात सुगीच्या वेळी धान्याचा वाटा घेणारे कारागीर, त्यांच्यापैकी अनेकांना तिथे जागा मिळालेली आहे. फरक इतकाच की, गावात त्यांचा व्यवसाय जन्माने ठरे आणि या स्पर्धेत तो मोजपट्टीने ठरतो. ज्या समाजाने कसब हे जातीच्या खात्यावर जमा केले आणि मान मात्र पोथीच्या खात्यावर, त्याला कसबाचे पदक चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. बलुतेदारांपैकी जोशाचे काम मात्र या आंतरराष्ट्रीय यादीत अद्याप समाविष्ट झालेले नाही, ही संयोजकांची गंभीर त्रुटी मानावी लागेल. पत्रिका पाहून मुलाला अमेरिकेचा परवाना कोणत्या महिन्यात मिळेल हे सांगण्याच्या प्रकारात भारताचे सुवर्ण निर्विवाद ठरले असते आणि त्या पदकासाठी पहिल्या पानावर आठ स्तंभांचा मथळाही मिळाला असता.

स्पर्धेची गुणदानपद्धतीही स्थानिक परिस्थितीत तपासून पाहण्यासारखी आहे. तिथे गुणांचे दोन प्रकार असतात: जे मोजता येते, उदाहरणार्थ भिंतीची उंची, ते मिलिमीटरमध्ये मोजले जाते, जे मोजता येत नाही, त्यासाठी तीन परीक्षक एकाच वेळी शून्य ते तीन यांपैकी एक अंक दाखवतात, आणि त्यांच्यात एकाहून अधिक अंकाचा फरक पडला तर त्यांना चर्चा करावी लागते. शून्य म्हणजे व्यवसायाच्या किमान दर्जाच्या खाली, एक म्हणजे त्या दर्जाचे, दोन म्हणजे त्याहून सरस आणि तीन म्हणजे उत्कृष्ट. तारनाक्यावरच्या सदनिकाधारकांनी हीच मोजपट्टी अनुभवातून सिद्ध केलेली आहे. तिच्यात शून्य म्हणजे नळदुरुस्तीवाला येतो म्हणाला आणि आला नाही. एक म्हणजे आला, पण पाना विसरला. दोन म्हणजे गळती थांबली आणि खालच्या मजल्यावर सुरू झाली. तीन म्हणजे पैसे घेतल्यानंतरही तो फोन उचलतो. मिलिमीटरचा प्रश्न इथे उद्भवत नाही, कारण फरशीचा उतार अंदाजपंचे दाहोदरसे या एककात काढला जातो आणि स्नानगृहातील पाणी मोरीकडे न जाता दिवाणखान्याकडे निघाले की सर्वजण मिळून ‘चालायचंच’ हा निकाल एकमताने जाहीर करतात.

परंतु या निकालाचा सगळा दोष कारागिराच्या माथी मारणे म्हणजे परीक्षकाने उत्तरपत्रिका न वाचता गुण देण्यासारखे होईल. नळ दुरुस्त करणाऱ्याला कोणी शिकवले, किती दिवस शिकवले आणि शिकल्याबद्दल त्याला कोणी दोन पैसे अधिक दिले, हे प्रश्न तारनाक्यावर कधीही विचारले जात नाहीत. वास्तविक प्रशिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या केंद्र सरकारच्या दोन राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था याच परिसराच्या दोन्ही हातांना, विद्यानगर आणि रामंतपूर येथे आहेत, आणि लालागुड्याच्या कारखान्यात 1893 पासून रेल्वेचे डबे दुरुस्त होत आले आहेत. इतक्या जवळ हात चालत असूनही येथील सुशिक्षित घरातील मुलासाठी लालागुडा हे मेट्रोने ओलांडायचे ठिकाण असते आणि विद्यानगर ही शिकवणीच्या फलकांची वसाहत. आपल्या मुलाला आयटीआयमध्ये घातले असे अभिमानाने सांगणारा प्राध्यापक तारनाक्यावर आढळला, तर तो खऱ्या अर्थाने चित्रविचित्र बातमीचा विषय होईल. त्याच प्राध्यापकाचा परगावचा पाहुणा मात्र जर्मनीहून परत आल्यावर तिथला नळवाला स्वतःच्या मोटारीतून येतो आणि तासाचे किती युरो घेतो, हे संध्याकाळभर सांगतो, आणि ऐकणारे ते व्हेनिसच्या प्रवेशशुल्काशेजारी नोंदवून ठेवतात.

ही मनोवृत्ती झाकण्यासाठी गेल्या काही वर्षांत ‘जुगाड’ या संज्ञेला राष्ट्रीय सद्गुणाचा दर्जा देण्यात आला आहे. जुगाड म्हणजे योग्य साधन आणि योग्य शिक्षण यांच्या अभावी हाताशी असेल त्यावर वेळ मारून नेणे. गरजेपोटी हे करणाऱ्याची बुद्धी कौतुकास्पदच असते. पण साधन देण्याची ऐपत असलेल्यांनीच जुगाडावर व्याख्याने द्यावीत, हा प्रकार उपाशी माणसाच्या काटकसरीचे गुणगान करण्याइतका स्वस्त आहे. सप्टेंबर 2024 मध्ये ल्योन येथे झालेल्या जागतिक कौशल्य स्पर्धेत भारताच्या साठ स्पर्धकांनी केक-मिठाई, हॉटेलातील स्वागतकक्ष, अक्षय ऊर्जा आणि स्वयंचलित उद्योगप्रणाली या प्रकारांत चार कांस्यपदके व बारा उत्कृष्टता-पदके मिळवली. किमान सातशे गुण मिळाल्याखेरीज हे उत्कृष्टता-पदक दिले जात नाही. त्यांतील एकही पदक जुगाडाने मिळालेले नाही. त्याच स्पर्धेत चीनने छत्तीस सुवर्णपदके नेली, यावरही आपल्याकडे एखादे व्याख्यान व्हायला हरकत नाही.

पुढील स्पर्धा 22 ते 27 सप्टेंबर 2026 या काळात शांघाय येथे होणार असून, बावीस वर्षांची वयोमर्यादा तिथेही बहुतेक प्रकारांत कायम आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या वाचनालयांत मात्र वेगळे गणित चालते. तेलंगण सरकारने 2024 साली पहिल्या श्रेणीच्या अधिकारपदांच्या परीक्षेसाठी कमाल वय चव्वेचाळीसवरून सेहेचाळीस केले. म्हणजे गवंड्याने ज्या वयात जग जिंकून मोकळे व्हायचे, त्यानंतर आणखी चोवीस वर्षे पदवीधराला पूर्वपरीक्षेचा अर्ज भरण्याची मुभा मिळाली. मधल्या काळात सदनिकेतील नळ गळणारच, आणि तो बंद करू शकणारा तरुण एव्हाना मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या एखाद्या देशाने आपल्याकडे बोलावून घेतला असण्याचा संभव आहे. तसे झाल्यास चिलकूरच्या प्रांगणात तो फेडीच्या एकशे आठ प्रदक्षिणा घालत असेल, त्याचे तारनाक्यावरचे पदवीधर गिऱ्हाईक अजून पहिल्या अकरांतल्या सातव्या फेरीवर असेल, आणि त्याला गाठून गळणाऱ्या नळाचे काय करावे हे विचारण्यासाठी गिऱ्हाइकाला प्रथमच आपली चाल वाढवावी लागेल.