रांगेतला अभ्यासक्रम

गुरुवारी शिरगावच्या प्रतिशिर्डीत दर्शनाची रांग अशी लांबते की तिच्यात उभ्या उभ्या माणूस काहीही शिकून घेईल. आमच्या शेजारच्या वहिनी तिथे वेळेचे नियोजन शिकल्या. नोकरी सरकारी कचेरीत. २०२० साली केंद्राने ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केले आणि ‘आयगॉट’ नावाची शाळा कर्मचाऱ्यांच्या मोबाइलमध्येच भरू लागली. हवा तो विषय, हवी ती वेळ. घंटा नाही, छडी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर शिकण्याचा राष्ट्रीय सप्ताहच झाला, माणशी निदान चार तासांचा. त्या आठवड्यात वहिनींच्या एका कानात ताणतणावांवरचे व्याख्यान चालू असे आणि दुसरा कान कुकरच्या शिट्ट्या मोजत असे. कोर्स संपला की प्रमाणपत्र येते, खात्यात ‘कर्मा पॉइंट’ पडतात. चित्रगुप्ताकडे हिशेब कळायला निदान मरावे तरी लागते!

तसा हा मुलूख आपले आपण शिकणाऱ्यांचाच. जवळच्या घोरावडेश्वराच्या लेण्यांत एके काळी भिक्खू राहत; पुढे तुकोबाही एकांतासाठी त्या डोंगरावर येऊन बसत, असे परंपरा सांगते. किती तास बसले, याची नोंद कुणी ठेवली नाही. पलीकडे तळेगावात १९०८ साली पैसाफंडाचा काचकारखाना निघाला, लोकांकडून एकेक पैसा मागून. तिथे हात बसलेली माणसे पुढे ठिकठिकाणच्या काचकारखान्यांत गेली. मला राहून राहून त्यांचे गाल दिसतात. नळीच्या टोकाला लालभडक काच, पिकल्या जांभळासारखी कधी गळेल याचा नेम नाही. आणि नवशिका डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याचा गाल किती फुगतो ते बघत आपला तेवढाच फुगवतो आहे. एवढाच त्याचा अभ्यासक्रम.

वहिनीही मुळात अशाच शिकल्या. त्यांचे जुने हेडक्लार्क बोलायला महाकंजूष. पण दाखल्याला आलेल्या म्हाताऱ्याचा कागद अपुरा असला, की ते आधी त्याला बसवत, पाणी देत आणि मगच चष्मा पुसत पुसत ती वाईट बातमी सांगत. वहिनींनी ते नुसते पाहिले. कधी उचलले, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

अलीकडे त्यांच्या शेजारच्या टेबलाशी एक नवा मुलगा आलाय. हुशार, सगळे कोर्स दीडपट वेगाने उरकलेला. पहिल्याच दिवशी एका आजींना तो म्हणाला, “एक कागद कमी आहे, उद्या या.” वहिनींनी फाइलीतून मान न काढता पायानेच एक खुर्ची आजींकडे सरकवली. दुसऱ्या दिवशी खुर्ची त्यानेच सरकवली. वर पाण्याची बाटलीही पुढे केली, स्वतःची, अर्धी प्यालेली. संध्याकाळी निघताना हळूच विचारतो, “मॅडम, हे नक्की कुठल्या कोर्समध्ये आहे?”

“शोध रे,” वहिनी म्हणाल्या. “सापडला तर मलाही लिंक पाठव. माझे अजून दोन तास भरायचेत.”