पतसंस्थेत नव्याने रुजू होणाऱ्या क्लार्कसाठी सूचना

अभिनंदन. जी. डी. सी. अँड ए. झाल्याचा तुमचा दाखला फाइलला लागला, चेअरमन तुमच्या मामांच्या ओळखीचे निघाले (क्रम उलटा होता, पण तो विषय नाही) आणि कापूरहोळच्या चौकातल्या ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्थेत तुम्ही चिकटलात. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना उजवीकडे भोर, डावीकडे नारायणपूर-सासवड. या चौकात चहा पिणारा दर तिसरा माणूस तुमचा सभासद आणि उरलेले दोघे त्याचे जामीनदार. एवढे पाठ झाले की निम्मे प्रशिक्षण संपले.

अधूनमधून आपल्या परंपरेचा अभिमान बाळगावा. मे 1875 मध्ये याच पुणे जिल्ह्यात, सुप्याला, शेतकऱ्यांनी सावकारांची खतं होळीत घातली. सरकार हादरले, चौकशी आयोग बसले आणि होता होता 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. गावकऱ्यांनी गावकऱ्यांनाच कर्ज दिले तर कोण कशाला कागद जाळेल, हा त्यामागचा हिशोब. तो बरोबर ठरला. आता कोणी कागद जाळत नाही. नोटीस घ्यायला घरी सापडत नाही, इतकेच.

ठेवीदाराशी आदराने बोलावे. हायवेलगतची जमीन विकलेले काका पासबुक न्याहाळत विचारतील, "पैसं बुडायचं नाहीत ना रं?" बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे खरे उत्तर. ते विचारल्यावर द्यावेच. त्यावर काका घटकाभर गप्प राहतात, भिंतीवरच्या संचालक मंडळाच्या फोटोकडे बघतात, त्यातला आपला मेहुणा ओळखतात आणि मुदत ठेव 'रिन्यू' करतात. विमा हा असा.

पिग्मी एजंटाला कमी लेखू नये. दुपारी मशीन घेऊन टपरी, गॅरेज, भाजीवाला असा फिरणारा हा माणूस तालुक्याची खरी आर्थिक पाहणी करत असतो. गुरुवारी नारायणपूरला दत्ताच्या दर्शनाची गर्दी असते, त्या दिवशी हार-नारळवाले न मागता पैसे काढून देतात. कोणाचा गल्ला आटला, कोणी दुसऱ्या संस्थेत खाते उघडले, कोणाच्या पोरीचे जमले, सगळे त्याला ठाऊक. कर्ज उपसमितीने खरे तर त्यालाच विचारावे. विचारत नाही.

सोनेतारणाच्या टेबलावर तोंड बंद आणि डोळे उघडे ठेवावेत. सराफ मणी, खडे, लाख वजा करून निव्वळ वजन काढतो, तेव्हा समोरच्या काकूंचा चेहरा वजनकाट्यापेक्षा अचूक असतो. "एवढंच भरलं?" याला उत्तर नसते. पाकिटावर सही, सील, आणि ते तिजोरीत. लग्नसराईत त्याच काकू येतील आणि म्हणतील, "बाळा, भाचीच्या हळदीपुरती ठुशी दे, परवा आणून ठेवते." नियम सांगावा. त्या तुमच्या आईकडे जातील. आईलाही नियम सांगावा. जेवण मिळाले नाही तरी चालेल.

आता वसुली, म्हणजे नोकरीचा गाभा. कर्ज घेताना माणूस तुम्हाला साहेब म्हणतो, हप्ता थकला की भाऊ म्हणतो, आणि नोटीस गेली की ओळखत नाही. कारणे ठरलेली असतात, ती टंकलेखकासारखी नोंदवत जावीत: भाताचे पैसे यायचेत, सातबाऱ्यावर चुलत्याने हरकत घेतली, जमिनीचे टोकन घेतलंय, पार्टी पुण्याची आहे. पुण्याची पार्टी पाचव्या वर्षीही येत असतेच. लग्नात थकबाकीदार भेटला तर अक्षता पडेपर्यंत हप्त्याचे नाव काढू नये. पंगतीत त्याच्या शेजारचा पाट धरावा आणि काही न बोलता बुंदी खावी. तोच म्हणेल, "शनिवारी येतो." कोणत्या शनिवारी, हे विचारणे असभ्यपणाचे.

हे सगळे थकले की सहकार कायद्यातले कलम 101. निबंधकांकडून वसुली दाखला मिळाला की बाकी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. पण त्याआधी जामीनदार येतो. तावातावाने येतो. "मी नुसती सही केली होती!" त्याला पाणी द्यावे. जामीनदाराने नुसती सहीच करायची असते, हे त्याला अर्ध्या ग्लासानंतर सांगावे. मग तो हळूच विचारतो, कर्जदार आपल्यालाही जामीन आहे का. असतो. गावात दोन जामीनदार शोधणे अवघड, म्हणून सगळे एकमेकांनाच असतात. वसुली अधिकाऱ्याची गाडी फिरते तेव्हा तीच चार घरे फिरते.

सप्टेंबरअखेर वार्षिक सभा. अहवाल वाटल्यावर त्यातली थकबाकीदारांच्या नावांची पाने कोण आधी उघडतो, हे बघून ठेवावे. पुढच्या वर्षीची यादी तिथेच मिळते. लाभांशाला 15 टक्क्यांची कायदेशीर कमाल मर्यादा आहे; लाभांश एवढाच का, हे दर वर्षी कोणीतरी उभे राहून विचारतो, म्हणून परिपत्रकाची प्रत खिशात असावी. इतिवृत्त मात्र आदल्या रात्रीच टाइप करून घ्यावे: 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर'. सूचक आणि अनुमोदकाच्या जागा तेवढ्या मोकळ्या सोडाव्यात. हात कोण वर करतो, ते नाश्त्याच्या रांगेवर अवलंबून आहे.