भूत लावून घेण्याचा खर्च

आपल्याकडे भूत लागायला पैसे पडत नाहीत, उतरवायला पडतात. अमेरिकेत नेमकं उलटं. तिथे भूत लावून घ्यायला पाकीट सैल करावं लागतं आणि उतरवायचं काम नोव्हेंबर लागला की कचऱ्याची गाडी करते. नॅशनल रिटेल फेडरेशन ही तिथल्या दुकानदारांची संघटना दरवर्षी ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला होणाऱ्या या भूतबाधेच्या खर्चाचा अंदाज काढते. २०२३ सालचा आकडा होता १,२२० कोटी डॉलर. त्यातले ३९० कोटी नुसत्या सजावटीचे, म्हणजे दारात आलेल्या पोरांच्या हातावर ठेवायच्या गोळ्या-चॉकलेटांपेक्षाही जास्त. कोकणातला मुंजा पिढ्यानपिढ्या एकाच पिंपळावर काढतो. भाडं नाही, रंगरंगोटी नाही, मेंटेनन्स नाही. त्याच्या कानावर हा आकडा गेला तर तो पिंपळ सोडून पासपोर्ट ऑफिसच्या रांगेत उभा राहील.

एवढा खर्च न झेपणाऱ्या सज्जनांसाठी स्वस्त भुताटकीचं एक स्वतंत्र शास्त्र तिथे तयार झालं आहे. घरातल्याच टाकाऊ वस्तूंतून घर कसं झपाटावं, यावर मासिकं सप्टेंबरपासून पानंच्या पानं भरतात. न्यू जर्सीत एडिसनला भाचीकडे मुक्काम असताना या शास्त्राचं प्रात्यक्षिक मला जवळून बघायला मिळालं. साल २०२४. तिच्या घरी हॅलोविनची पार्टी ठरली होती आणि जावईबापूंनी जाहीर केलं होतं की या वर्षी सगळं घरच्या घरी, एक डॉलरही वायफळ जाणार नाही. मराठी माणसानं काटकसरीची घोषणा केली की समजावं, घरात आता खरेदी सुरू होणार.

त्यात पंचांगानं गंमत केली. महाराष्ट्रात त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी आणि १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. पण अमेरिकेच्या घड्याळानुसार अमावास्या ३१ च्या पहाटेच लागत होती, त्यामुळे तिकडे लक्ष्मीपूजन ३१ च्या संध्याकाळी. म्हणजे एकाच संध्याकाळी, एकाच दारातून लक्ष्मीला आत घ्यायचं आणि त्याच दारात हाडांचे सापळे उभे करायचे. तेही ऐन अमावास्येला. ‘‘त्यांचा सण दोन दिवस पुढे नाही का ढकलता येत?’’ आमच्या सौ.नी विचारलं. येतो की! २०१२ साली सँडी वादळानं न्यू जर्सीला झोडपलं तेव्हा गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी रीतसर आदेश काढून हॅलोविन ५ नोव्हेंबरवर नेलं होतं आणि राज्यातल्या तमाम भुतांनी तो आदेश पाळला होता. लक्ष्मीपूजन पुढे ढकलणारा गव्हर्नर मात्र अजून जन्माला यायचा आहे.

सुरुवात जळमटांपासून झाली. दिवाळीची साफसफाई म्हणून सौ.नी लांब काठीला फडकं बांधून घरातली खरी जळमटं आठवडाभर आधीच उतरवली होती. अस्सल, कोळ्यानं स्वतः विणलेली, फुकटची. ती केरात गेल्यावर त्याच कोपऱ्यांत लावायला पॉलिएस्टरची जळमटं आली. डॉलर ट्री या दुकानात पूर्वी सगळं एका डॉलरला मिळायचं. २०२१ च्या अखेरीस त्यांनी भाव सव्वा डॉलर केला. जळमटंही महागाईतून सुटली नाहीत. ही जळमटं पाकिटातून गठ्ठ्यानं निघतात आणि सगळं कसब ती ताणण्यात असतं. चिमटीत धरून इतकी ओढायची की पलीकडची भिंत दिसली पाहिजे. उदार माणूस गठ्ठाच लटकवतो, मग घर झपाटलेलं न दिसता तिथे गादी उसवल्यासारखी वाटते. जावईबापूंनी मात्र एका पाकिटात बैठकीची खोली, जिना आणि वरचा पॅसेज उरकला. इथे आमचं रक्त कामी आलं. बाहेरच्या झाडांवर ती लावायची नाहीत, पक्षी अडकून मरतात, असं भाचीनं बजावलं होतं. त्यामुळे आणखी एक पाकीट वाचलं, हे जावईबापूंनी सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं.

या शास्त्रातला सर्वांत नावाजलेला प्रयोग दुधाच्या कॅनचा. अमेरिकेत दूध गॅलनच्या प्लास्टिक कॅनमध्ये मिळतं. कॅन पांढरट, अर्धपारदर्शक. रिकामा कॅन धुवायचा, काळ्या मार्करनं दोन डोळे आणि वासलेलं तोंड काढायचं, पाठीमागून भोक पाडून आत दिव्यांची माळ सोडायची. अंधारात वाटेच्या दोन्ही बाजूंना भुतं उजळतात. खर्च शून्य, असं मासिकात छापलेलं होतं. फक्त कॅन आधी रिकामा लागतो, हे छापलेलं नव्हतं. एका गॅलनमध्ये जवळजवळ पावणेचार लिटर दूध. भुतं हवी होती आठ. तीस लिटर दूध मोरीत ओतणारी बाई आमच्या सात पिढ्यांत झाली नाही. मग बासुंदी झाली, दही लागलं, पनीर झालं, दुपारचा चहा पाणी न घालता नुसत्या दुधाचा व्हायला लागला. बासुंदीला साखर संपली, मग चारोळी आणि केशर आलं. शेजारपाजाऱ्यांना डबे गेले. आपल्या लोकांत डबा रिकामा परत पाठवत नाहीत, म्हणून त्यांच्याकडून चकल्या आल्या. आठ भुतांचा जमाखर्च मी एका पाकिटाच्या पाठीवर मांडायला घेतला होता, पण जावईबापूंनी ते पाकीट काढून घेतलं. वर पेच दिव्यांच्या माळेचा. माळ घरात होती, पण ती दिवाळीची. एकाच संध्याकाळी ती बाल्कनीत लावायची की भुतांच्या पोटात? दुसरी विकत आणली.

भुताचं कापड हा पुढचा अध्याय. तिथे चीजक्लॉथ नावाचं झिरझिरीत सुती कापड मिळतं. ते आणायचं, कात्रीनं चिंध्या करायच्या, चहाच्या पाण्यात भिजवून पिवळट करायचं, म्हणजे शंभर वर्षांचं कफन वाटतं. हे वाचून सौ. स्वयंपाकघरात गेल्या आणि चक्का बांधायचं फडकं घेऊन आल्या. झिरझिरीत, पिवळं, एका टोकाला गाठ, मधोमध केशराचा डाग. चहाची गरजच नव्हती. पार्टीत एका पाहुण्यानं त्याला हात लावून ‘‘किती ऑथेंटिक’’ म्हटलं, तेव्हा त्याला बोटाला वेलदोड्याचा वास आला असणार. या एका वस्तूला खरोखरच काही खर्च आला नाही. मात्र दुसऱ्या दिवशी चक्का बांधायला फडकं नव्हतं, आणि घरात दही तर टोपंच्या टोपं पडलं होतं.

भोपळ्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो विषय आमच्या घरात अजून दुखरा आहे. ही चाल मुळात आयर्लंडची. तिथली मंडळी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत आल्यावर त्यांना भोपळा सापडला, जो आकारानं मोठा आणि कोरायला सोपा. आतला गर खरवडून टाकून देतात हे कळल्यावर सौ. हादरल्या. अन्नाला डोळे पाडून उंबऱ्यावर ठेवायचं आणि खायचं ते केरात टाकायचं! त्यांनी गर ताब्यात घेऊन घारगे करायला घेतले. पण कोरायचा भोपळा पिकवतातच दिसण्यासाठी. गर पाणचट आणि दोऱ्यांचा. गूळ दुप्पट गेला, कणीक तिप्पट, तेलाचा तर हिशोबच नाही. बिया तेवढ्या चांगल्या भाजल्या गेल्या. भोपळ्यानंही सूड घेतला. चार दिवस आधी कोरून ठेवल्यानं पार्टीपर्यंत त्याच्या तोंडात बुरशी धरली. ती बघून पाहुण्यांची पोरं सर्वांत जास्त खूश झाली.

आता थडग्यांकडे येतो. अंगणात खोटी थडगी उभी करायची प्रथा आहे आणि ती करतात थर्माकोलच्या जातीच्या फोमची, जो तिथे भिंतींना ऊब राहावी म्हणून हार्डवेअरच्या दुकानात मोठाल्या शीटमध्ये मिळतो. इथे जावईबापूंचं बालपण जागं झालं. ज्या पिढीनं गणपतीची मखरं कापण्यात भाद्रपदातल्या रात्री जागवल्या, तिची कला २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आल्यापासून पोरकी झाली होती. ती एडिसनच्या गॅरेजमध्ये पुन्हा जन्माला आली. जावईबापूंनी असा हात चालवला की पहिलं थडगं तयार झालं तेव्हा त्याला वर महिरप होती, दोन बाजूंना खांब होते आणि पायथ्याशी उंदीर बसवायला जागाही राहिली होती. ‘‘अरे, यात कुणाला बसवायचंय?’’ असं भाचीनं विचारल्यावर ते भानावर आले. मग खांब कापले. रंग देताना नवं ज्ञान मिळालं: साधा स्प्रे पेंट मारला की फोम जागोजागी विरघळतो, खड्डे पडतात. मखराला हा अपघात, थडग्याला हीच कारागिरी. जुनाट दगडाचं रूप आपोआप येतं.

थडग्यावर काहीतरी गमतीदार मजकूर लिहायचा असतो. अमेरिकन लोक शाब्दिक कोट्या करतात. जावईबापूंनी लिहिलं: ‘येथे एक सॉफ्टवेअर इंजिनीअर चिरनिद्रा घेत आहे. ग्रीन कार्डची फाइल चालू आहे.’

या थडग्यापुढे कुणी हसलं नाही. दुधाची भुतं, फडक्याचं कफन, बुरशीचा भोपळा हे सगळं बघत मजेत आलेली आमची मंडळी इथे येऊन थबकायची, मजकूर वाचायची आणि गप्प आत जायची. अमेरिका दरवर्षी नोकरीवर आधारित जेवढी ग्रीन कार्डं देते त्यात कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे. मग तो देश भारत असो की आइसलंड. त्यामुळे २०२४ च्या ऑक्टोबरात ईबी-२ या वर्गातली भारतीयांची रांग २०१२ च्या जुलैत अर्ज केलेल्यांपर्यंतच पोचली होती. पाहुण्यांतल्या एकाच्या अर्जाची तारीख २०१५ ची. तो थडग्यासमोर बराच वेळ उभा राहिला, मग जावईबापूंना म्हणाला, ‘‘दुसरं काहीतरी लिही रे. बायको बरोबर आहे.’’ भीतीवर इतके पैसे खर्चून जे साधलं नाही ते फोमच्या एका तुकड्यानं साधलं.

केरसुणीवरून मात्र घरात खरं भांडण झालं. चेटकिणीला झाडू लागतो. दुकानात तो वीस डॉलरला होता आणि घरात नवीकोरी केरसुणी होती, ओक ट्री रोडवरच्या आपल्या लोकांच्या दुकानांतून शोधून आणलेली. भाचीनं ती उचलून चेटकिणीच्या बाहुलीच्या हातात दिली. सौ. देवघरातून पूजेचं ताम्हण घेऊन आल्या आणि जागीच थांबल्या. ‘‘ती लक्ष्मी आहे. आज तिला हळदकुंकू वाहायचंय.’’ ‘‘मामी, दोन तासांचा तर प्रश्न आहे.’’ ‘‘दोन तास लक्ष्मी चेटकिणीकडे ठेवायची? मग वर्षभर ती तुमच्याकडे का राहील?’’ अर्थशास्त्राचा इतका बिनतोड मुद्दा मी कुठल्याही अर्थसंकल्पी भाषणात ऐकलेला नाही. वीस डॉलरचा झाडू आला.

धुराचं काम फुकटात झालं. सुक्या बर्फाचं धुकं करायचा बेत होता. पण तो उणे ७८ अंशांचा, उघड्या हातानं धरला तर कातडी जळते, शिवाय बंद खोलीत वायू साठतो. त्याऐवजी सौ.नी पूजेचा धूप घातला. अमेरिकन घरातला स्मोक अलार्म साध्या फोडणीला बोंबलतो. धुपाला त्यानं जी किंकाळी फोडली तिनं समोरच्या घरातलं कुत्रं सोफ्याखाली गेलं. पाहुण्यांना वाटलं, साउंड इफेक्ट.

समोरच्या त्या घरापुढे बारा फुटी सापळा उभा होता. होम डेपो या दुकानानं २०२० साली २९९ डॉलरला आणलेला हा सापळा हातोहात खपला आणि घेणाऱ्यांनी पुढे तो उतरवलाच नाही. नाताळात त्याला सांताची टोपी घालतात, जुलैत झेंडा देतात. त्याच्यापुढे आमची कॅनमधली भुतं अंगणवाडीतली वाटत होती. जावईबापू रात्री खिडकीतून त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती मी ओळखली. काटकसरीचा पारा उतरायला लागला होता.

आणि तिथे एक दुकानही आहे, स्पिरिट हॅलोविन नावाचं. १९८३ पासूनचं, मुख्यालय याच न्यू जर्सीत. धंदा बुडून बंद पडलेल्या दुकानाच्या रिकाम्या गाळ्यात हे उन्हाळ्याच्या अखेरीला शिरतं, दोन-अडीच महिने तिथे नांदतं आणि नोव्हेंबरात नाहीसं होतं. परकायाप्रवेशाची विद्या आमच्या साधूंनी सांगितली, मासिक भाड्यावर वापरली ती यांनी. हॅलोविन संपलं की अशा सगळ्या दुकानांत आदल्या दिवशीपर्यंतची भीती अर्ध्या भावात निघते.

२ नोव्हेंबरला, शनिवारी, पाडवा होता. फराळ व्हायच्या आत जावईबापू गाडी काढून गेले आणि परतले ते सापळा घेऊन. बारा फुटी नाही, सहा फुटी. ‘‘मामा, पन्नास टक्के ऑफ!’’ मी म्हटलं, ‘‘बरोबरच आहे, पाडवा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला अर्धाच.’’ मग प्रश्न आला तो पुढचे अकरा महिने ठेवायचा कुठे. गॅरेजमध्ये थडगी, जिन्याखाली भुतं, फ्रिजमध्ये बासुंदी. महिन्याच्या भाड्यानं स्टोरेज युनिट मिळतं, त्याची चौकशी जावईबापूंनी तिथल्या तिथे फोनवर केली.

भाचीनं सौ.ना विचारलं, ‘‘मामी, पाडव्याची नवी खरेदी आहे, कुंकू लावायचं का?’’

सौ.नी सापळ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘‘कवटीला लाव,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण बोट टेकव नुसतं. डाग पडला तर परत घेत नाहीत.’’